माग मोडतात, जॉबर काम शोधतो

इचलकरंजी या यंत्रमागाच्या शहरात जॉबरची जागा रिकामी झाली तर तिची जाहिरात येत नाही. ती बातमी फिरते सुट्या भागांच्या दुकानांतून, सायझिंगची, म्हणजे खळ दिलेल्या उभ्या तारांची, बिमं पोचवणाऱ्या टेम्पोवाल्यांकडून आणि वहीफणीवाल्यांच्या तोंडून. दुकानदाराला कळतं, कारण एखाद्या कारखान्यातून पिकर आणि चामडी पट्टे अचानक जास्त जाऊ लागले, की तिथले माग कुणी नीट बघत नाही हे उघड असतं. टेम्पोवाला दिवसभर या कारखान्यातून त्या कारखान्यात बिमं उतरवतो. आणि वहीफणीवाले, म्हणजे नव्या बिमाच्या तारा वहीतून आणि फणीतून भरणारे कामगार, तासन्‌तास मागापुढे वाकून बसलेले असतात. मालक आणि जॉबर यांचं कुठे पटत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मी ज्या कारखान्यात होतो तिथले साधे माग विकले गेले, तेव्हा काम शोधायला मी या तिघांकडेच गेलो.

पूर्वी या लोकांना एकच प्रश्न विचारायचा असे: जागा कुठं आहे? आता त्याच्या आधी दुसरा विचारावा लागतो: माग चालू कुणाचे आहेत? विकासनगर, जवाहरनगर, कबनूर, शहापूर असा फिरत गेलो, की ज्या गल्लीत दोन्ही बाजूंनी खडखडाट चालायचा तिथे एका बाजूच्या शेडमध्ये गोदाम झालेलं दिसतं. माग उचलून नेलेल्या जागी जमिनीत फक्त बोल्टांची भोकं राहिलेली असतात. अशा शेडच्या दारात उभं राहून मी पुढचा पत्ता विचारला आहे आणि तिथल्या माणसांनी तो आपुलकीने सांगितलाही आहे. धंदा बसला म्हणून या गावातली माणसं एकमेकांना तुटली नाहीत. काम शोधण्याच्या दिवसांत मला याचाच मोठा आधार झाला.

जॉबर म्हणजे काय, हे या धंद्याबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. विणकर माग चालवतो, आडव्या धाग्याच्या कांड्या बदलतो, तुटलेली तार जोडतो. कांडीवाला कांड्या भरतो. माग बिघडला तर तो चालता करायचा, नवं बीम चढवायचं, कापडाचा पिक बदलायचा आणि धोट्याचा, वहीचा व फणीचा मेळ बसवायचा, ही जॉबरची जबाबदारी. मुंबईच्या गिरण्यांत एके काळी जॉबर कामगार भरतीही करायचा आणि त्याच्या शब्दावर माणसाला काम मिळायचं. त्या अधिकाराला आवर घालण्यासाठी गिरणीमालकांनी १९३५ मध्ये बदली नियंत्रण पद्धत आणली. आमच्या यंत्रमागाच्या गावात जॉबरला तसा अधिकार नव्हता, मान मात्र होता. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग सुरू केला. तेव्हापासून या शहराने हजारो जॉबर घडवले, आणि जवळपास सगळे कुणाच्या तरी हाताखाली पाना धरून घडले.

म्हणून जॉबरची पारख कागदावर होत नाही. मालक आधी चार प्रश्न विचारतो: कुठं होता, किती माग होते, कोणतं कापड चालायचं, काम का सुटलं. मग तो एका मागाकडे बोट दाखवतो. “हा तेवढा बघा मामा. धोटा उडतोय.”

धोटा उडणं हा साध्या मागाचा सर्वांत धोक्याचा बिघाड. टोकांना पोलादी बोंडं बसवलेला हा जड लाकडी धोटा आडवा धागा घेऊन मिनिटाला दीडशेच्या आसपास फेऱ्या मारतो. तो वाट सोडून बाहेर आला, तर शेजारच्या मागावर उभ्या असलेल्या विणकराचा डोळा जाऊ शकतो. अशा मागाला हात लावताना मी पाना आधी काढत नाही, आधी विणकराला विचारतो. कोणत्या बाजूला उडतो? नवं बीम लावल्यापासून, की त्याआधीपासून? रातपाळीत जास्त होतं का? शेडमधल्या आवाजात हे बोलणं अर्धं खुणांनीच चालतं. विणकर बारा तास त्या मागासमोर उभा असतो आणि निम्मं निदान त्याच्याकडेच असतं. जो जॉबर त्याला न विचारता कामाला लागतो त्याची पारख तिथेच झालेली असते, आणि जुने मालक हे ओळखतात.

मग माग थांबवून हाताने हळू फिरवायचा. फणी आणि धोट्याच्या पेटीची मागची बाजू एका रेषेत आहे का, हे पोलादी पट्टी लावून बघायचं. केसभर फरक असला तरी पेटीतून बाहेर पडतानाच धोट्याचं तोंड फिरतं. त्यानंतर पिकर. धोट्याचं टोक रोज त्याच जागी आदळून पिकरला भोक पडतं. ते भोक एका बाजूला झिजलं, की फटका तिरका बसतो. पिकरला ओढणारा चामडी पट्टा पावसाळ्यात ओल धरून सैल पडतो, म्हणून जुलैतला माग आणि एप्रिलमधला माग एकाच मापावर चालत नाही. शेवटी वह्या. वही वरखाली होताना बिमाच्या तारांमध्ये जी वाट उघडते तिच्यातून धोटा जातो. एक वही थोडी वर बांधली गेली, तर खालच्या तारा उचललेल्या राहतात आणि धावत्या धोट्याला खालून धक्का देतात. नव्या बिमानंतर बिघाड सुरू झाला असेल, तर मी सरळ वहीकडे जातो.

सगळं जमलं, की माग सुरू करून बाजूच्या बिडाच्या सांगाड्यावर तळहात ठेवायचा. शेडमध्ये डझनावारी माग धडधडत असताना एका मागाचा आवाज कानाला वेगळा काढणं अवघड जातं, पण हाताला त्याचा ठेका कळतो. फटका जोराचा बसतोय, की ठोका मागे पडतोय, हे तळहात सांगतो. ही समज वर्षानुवर्षं माग हाताळून येते, आणि कामाच्या अर्जात तिच्यासाठी रकाना नसतो.

मग एवढं कसब असलेल्या माणसाला काम का मिळत नाही? याचं उत्तर साध्या गणितात आहे. ५२ पिकी कापड म्हणजे इंचात बावन्न आडवे धागे. साधा माग मिनिटाला दीडशे धागे टाकत असेल, तर मिनिटाला तीन इंचही कापड होत नाही. तो तासभर एकदाही न थांबता चालला, तरी साडेचार मीटरही भरत नाही. मिनिटाला आठशे धागे टाकणारा एअरजेट माग तेच कापड तासाला तेवीस मीटरहून जास्त काढतो, तेही अधिक रुंद पन्ह्याचं आणि कमी दोषांचं. खर्चीवाला यंत्रमागधारक व्यापाऱ्याकडून सूत घेतो आणि पिकावर ठरलेल्या मजुरीत कापड विणून देतो. त्या मजुरीतून वीज, कामगारांचा पगार, सुटे भाग, जागेचं भाडं हे सगळं काढायचं. सुताचा दर वरखाली झाला, की व्यापारी बिमं देणं थांबवतो आणि माग उभे राहतात. वीज दर वाढला, की उरलेलं मार्जिन जातं. नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी आणि जुलै २०१७ पासूनचा जीएसटी लागोपाठ आले, तेव्हा रोखीवर आणि उधारीवर चालणाऱ्या लहान कारखानदारांना सावरायला वेळच मिळाला नाही. मालकांनी हौसेने माग विकले, असं मी म्हणणार नाही. ज्यांच्याकडे मी काम केलं त्यांच्यातले कितीतरी जण स्वतः रातपाळीला मागावर उभे राहायचे.

साधा माग विकला जातो तो वजनावर. भंगारवाले येतात, मोटर आणि पट्टे आधी काढून घेतात आणि बिडाचा सांगाडा घणाने फोडतात, कारण तुकडे केल्याशिवाय तो भट्टीत जात नाही. पुढे हे बीड फौंड्रीत वितळतं. ज्या क्रँकशाफ्टचं बेअरिंग मी स्वतः बसवलं होतं तो काट्यावर चढताना मी पाहिला. त्या काट्याच्या दृष्टीने नीट राखलेला माग आणि गंजलेला माग सारखेच. त्याच सकाळी मला कळलं, की मागाची किंमत आणि जॉबरची किंमत या दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. माग भंगारात गेला म्हणून त्याला चालवणारं ज्ञान भंगारात जात नाही. पण हे पटवून देणारं कुणी उभं राहिलं नाही, तर माणसाचंही वजन त्याच काट्यावर होतं.

म्हणून मी यड्राव, तारदाळ, खोतवाडी या बाजूच्या ऑटोलूमच्या, म्हणजे नव्या स्वयंचलित मागांच्या, कारखान्यांत गेलो. तिथली शेड वेगळीच असते. फरशी स्वच्छ असते, हवेत ओलावा राखलेला असतो आणि प्रत्येक मागावर छोटा पडदा. रेपिअर मागात धोटाच नाही. एका बाजूची पकड आडवा धागा मध्यापर्यंत आणते आणि दुसरी तो ओढून घेते. एअरजेटमध्ये हवेचा झोत धागा नेतो. बिघाड झाला, की पडद्यावर इंग्रजीत सूचना उमटते आणि मुलाखत घेणारा तरुण पहिला प्रश्न करतो, “काका, हे वाचता येतं का? डिप्लोमा आहे का?” त्याचा प्रश्न योग्यच आहे. लाखोंच्या कर्जावर घेतलेलं यंत्र तो अनोळखी हातात देणार नाही.

पण त्याच शेडमध्ये उभं राहून मी नीट बघत होतो, तेव्हा बरंच काही ओळखीचं दिसलं. बिमाचा ताण इथेही सारखा राखावा लागतो. वह्यांची उंची इथेही चुकते, फणीत तार इथेही चुकीच्या घरात भरली जाते आणि कापडावर उभी रेघ उमटते. कापडाची किनार सुटली, तर ताण बघायचा की बांधणी, हा निर्णय पडदा करत नाही. धागा कुठल्या क्षणी आत शिरतो आणि वहीची वाट त्याआधी किती उघडलेली हवी, हा विचार साध्या मागाचाच आहे. धोट्याला फटका देण्याचं सगळं कसब इथे निरुपयोगी ठरतं, हे खरं. इलेक्ट्रॉनिक भाग, संवेदक, पडद्यावरची भाषा हे नव्याने शिकायला हवं, हेही खरं. पण जॉबर तिथे कोरी पाटी घेऊन जात नाही. ज्याला कापड कळतं त्याला यंत्र शिकवणं, हे यंत्र कळणाऱ्याला कापड शिकवण्यापेक्षा लवकर होतं, असं माझं ठाम मत आहे.

शोधाच्या या काळात मला धंद्याबाहेरचीही कामं दिसली. शिरोलीच्या फौंड्रीत फिटरचा मदतनीस, कागलच्या औद्योगिक वसाहतीत मेंटेनन्स, कपडे शिवणाऱ्या युनिटमध्ये शिलाई मशीनची दुरुस्ती, नाहीतर एखाद्या इमारतीच्या दारात वॉचमनची खुर्ची. माझ्या ओळखीचे जॉबर या सगळ्या ठिकाणी गेले आहेत. त्यांच्यातला प्रत्येक जण प्रामाणिक कष्टाची भाकरी खातो आणि त्यात कमीपणा काही नाही. तरी वॉचमनच्या खुर्चीत बसलेला जॉबर पाहिला, की मला त्याच्यापेक्षा या शहराची जास्त काळजी वाटते. त्याला तो पगार दुसरीकडेही मिळेल, पण शहराला त्याच्यासारखा माणूस पुन्हा घडवायला वर्षं लागतील.

उपाय आकाशातून आणायचे नाहीत. केंद्र सरकारने २०१७ मध्ये पॉवरटेक्स इंडिया ही योजना जाहीर केली. तार तुटताच माग थांबवणाऱ्या यंत्रणेसारख्या सुधारणा साध्या मागावर बसवण्यासाठी तिच्यात अनुदान होतं. अशा सुधारणा जागेवर बसवायच्या तर जॉबरचाच हात लागतो. २०१५ पासूनच्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीपासून येणाऱ्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. वस्त्रोद्योग शिकवणारी डीकेटीई १९८२ पासून याच शहरात आहे. या तिन्हींची सांगड जॉबरपाशी घालता येते. पाळीच्या वेळा सांभाळून संध्याकाळचे वर्ग हवेत, मराठी-हिंदी-कन्नडमधून शिकवणं हवं, पडद्यावरच्या सूचनांची मराठी पुस्तिका हवी आणि परीक्षा कागदावर न घेता चालत्या मागावर घ्यायला हवी. जॉबरनेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. कोणत्या मागावर, कोणत्या कापडावर, कोणता बिघाड कसा काढला याची वही मी ठेवू लागलो आहे. मुलाखतीला मी ती घेऊन जातो आणि ती उघडली, की समोरच्याचे प्रश्न बदलतात.

सध्या मी उरलेल्या साध्या मागांच्या दोन लहान कारखान्यांत वेळ वाटून काम करतो आणि संध्याकाळी एका ओळखीच्या तरुणाच्या हाताखाली रेपिअर शिकतो. वयाने तो माझ्या मुलाएवढा आहे. तो मला पडद्यावरच्या सूचना समजावतो, मी त्याला किनार का सुटते ते दाखवतो. दोघांनाही याचा फायदा होतो, हे त्याच्या मालकाने पाहिलं आहे.

ऑटोलूमच्या मालकांना म्हणूनच माझी एवढी विनंती आहे. तुमच्या दारात जुना जॉबर आला, तर डिप्लोमा जरूर विचारा. पण त्याला परत पाठवण्याआधी कापडात दोष पडत असलेल्या एखाद्या मागापाशी न्या आणि अर्धा तास द्या. त्याला पडदा वाचता आला नाही, तर शेजारी तो वाचणारा पोरगा उभा करा. कापडातला दोष कुठून येतोय हे त्याने शोधून दाखवलं, तर त्याला ठेवून घ्या आणि बाकीचं शिकवा.