कॉलर वर, गाडी वर. स्प्रिंग मात्र तीच!

सुट्टीत कळसला गेलं की पोरं हमखास म्हणतात, "इंजिनिअर, गाडी उंच करून दे ना!" उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्यांत कार खाली घासते, त्यामुळे मागणी रास्तच. बाहेरून बसवलेला, आटे असलेला कॉइलओव्हर असेल तर हे काम घरी होतं. पण मित्रांनो, आधी एक गैरसमज काढू.

कॉलर वर फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं बरेच जण समजतात. तसं नसतं. समजा, स्प्रिंगवर ३०० किलो भार आहे आणि दर ३ किलोला ती १ मिलिमीटर दबते. म्हणजे एकूण १०० मिलिमीटर. कॉलर १० मिलिमीटर वर नेली तरी भार तोच, म्हणून स्प्रिंग १००च दबणार. वर जाते ती गाडी!

आता रीत. सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंत माप घ्या. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा. पुढची बाजू जॅकने उचलून दोन्हीकडे स्टँडवर टेकवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात आत घालायचा नाही! चाकं काढा, आटे ब्रशने साफ करा, लॉक रिंग सैल करा आणि दोन्ही कॉलर सारख्याच फिरवा. शॉकअपच्या वरचा मधला नट उघडू नका, दबलेली स्प्रिंग उसळते. लॉक रिंग आवळा, चाकं बसवा, गाडी खाली घेऊन पुढे-मागे ढकला, मगच पुन्हा मोजा.

शेवटी व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइट तपासाच, नाहीतर टायर एका कडेने झिजतात. आणि उंची गरजेपुरतीच वाढवा, कारण गुरुत्वमध्य वर गेला की वळणावर गाडी जास्त कलते.