मुका माज

गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ साली उभी राहिली. मुंबईच्या दाट वस्तीतले तबेले हलवून म्हशींना मोकळ्या जागेत न्यावे, असा दारा खुरोडी यांचा प्रयत्न होता. म्हशी आल्या आणि त्यांच्याबरोबर एक जुना प्रश्नही आला. भाकड म्हशीचे करायचे काय?

तबेलेवाला म्हैस विकत घेतो ती नुकती व्यालेली. आठ-दहा महिन्यांत ती आटते. पुन्हा दूध हवे तर तिने पुन्हा व्यायला हवे, आणि म्हशीचा गर्भकाळ सुमारे ३१० दिवसांचा! दुभती असतानाच ती गाभण राहिली नाही, तर विकतच्या वैरणीवर तिला वर्षभर नुसते पोसावे लागते. मुंबईत हे परवडेना. म्हणून चांगल्या जातीच्या धडधाकट म्हशीही कसायाकडे गेल्या.

त्यांचे भवितव्य ठरत होते बदामाएवढ्या अंडाशयात. तिथे सुमारे २१ दिवसांचे चक्र चालते. एक पुटक वाढते आणि ईस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तात सोडते. त्याची पातळी चढली, की मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी आपले संप्रेरक पाठवते. पुटक फुटून बीजांड बाहेर पडते. फुटलेल्या पुटकाचा पीतपिंड बनतो. (गाईत तो खरोखरच पिवळा असतो, म्हशीत नाही. म्हशीचे लोणी पांढरे असते त्याच कारणाने: तिच्या शरीरात पिवळे कॅरोटीन साठत नाही.) पीतपिंडातून प्रोजेस्टेरॉन स्रवते. तो टिकून आहे तोवर नवा माज नाही. गर्भ राहिला नाही, तर गर्भाशयातून प्रोस्टाग्लँडिन येते, पीतपिंड विरतो आणि चक्र पुन्हा सुरू होते.

ईस्ट्रोजेन चढले की गाय हंबरते, दुसऱ्या गाईंवर चढते. म्हैस बहुधा गप्पच! तिचा माज अनेकदा रात्री किंवा पहाटे येतो आणि उन्हाळ्यात तर कळतच नाही. हाच मुका माज. दावणीला बांधलेल्या म्हशींच्या रांगेत तो हुकला, की २१ दिवसांची वैरण फुकट.

माज ओळखायला काही ठिकाणी नसबंदी केलेला रेडा फिरवतात. त्याचे नाक आपल्या डोळ्यांपेक्षा हुशार. दुधातले प्रोजेस्टेरॉन मोजूनही पीतपिंड आहे की नाही ते समजते. पीतपिंड असेल तर प्रोस्टाग्लँडिन टोचून तो विरवता येतो आणि काही दिवसांत माज येतो. पण म्हैस आधीच गाभण असेल, तर त्याच सुईने गर्भ पडू शकतो. म्हणून पशुवैद्य आधी लांब हातमोजा चढवतात, गुदमार्गातून हात घालून गर्भाशय आणि अंडाशय चाचपतात आणि मगच सुई हातात घेतात.