कुत्रं सारखं खाजवतंय? जळकं ऑईल आणि गोचिडाचं औषध लावण्याआधी हे वाचा

पावसाळा सुरू झाला की वाड्यावस्त्यांवर राखणीची कुत्री खाजवून खाजवून हैराण होतात. अंगावरचे केस जातात, कातडी लाल होते, कानाला वास येतो. मग कुणी जळकं ऑईल चोपडतं, कुणी गोठ्यातलं गोचिडाचं औषध ओततं, तर कुणी 'लूत लागली' म्हणून कुत्र्याला दारातून हाकलून देतं. पण प्रत्येक खाज लूत नसते आणि प्रत्येक खाजेला एकच औषध चालत नाही. चुकीच्या उपायाने कुत्रं दगावू शकतं.

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. नुसती खाज सुटली म्हणजे कुत्रं पिसाळलं असं नाही. मात्र कुत्र्याचं वागणं एकदम बदललं, लाळ गळायला लागली, गिळता येईना, विनाकारण अंगावर धावून येऊ लागलं, तर त्याला हात लावू नका. ते प्रकरण वेगळं आहे. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. अशा कुत्र्याने चावलं, ओरखडलं किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा.

खाज कशाची, हे कसं ओळखायचं?

अ‍ॅलर्जी म्हणजे एरवी निरुपद्रवी असलेल्या गोष्टीला शरीराने दिलेली जास्तीची प्रतिक्रिया. माणसाला अ‍ॅलर्जी झाली की शिंका येतात, नाक गळतं. कुत्र्यात ती बहुतेक वेळा कातडीवर दिसते. खाज अंगावर कुठे आहे, यावरून बराच अंदाज येतो.

- पिसवांची अ‍ॅलर्जी : शेपटीच्या बुडाशी, कमरेवर आणि मांड्यांच्या मागे खाज. पिसवेच्या लाळेची ही अ‍ॅलर्जी असते, त्यामुळे मोजक्या पिसवाही पुरतात. ओळखायची सोपी पद्धत म्हणजे कुत्र्याचे केस विंचरून पडलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापडावर ठेवा. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा आहे, त्यात कुत्र्याचंच रक्त असतं.
- परागकण, धूळ, बुरशी यांची अ‍ॅलर्जी : पंजे चाटणं, कान खाजवणं, काख, पोट आणि तोंडाभोवती लाली. बहुतेकदा एक ते तीन वर्षांच्या वयात सुरू होते आणि काही कुत्र्यांना ठरावीक हंगामात जास्त त्रास होतो.
- खाण्याची अ‍ॅलर्जी : बारा महिने खाज, कान वारंवार बिघडणं, कधी सोबत जुलाब. दूध, कोंबडीचं मांस, गहू यांतलं काहीही कारण असू शकतं.
- खरूज, म्हणजे खरी लूत : ही अ‍ॅलर्जी नव्हे. कातडीत बिळं करणाऱ्या अतिसूक्ष्म किड्यांमुळे होते. कानाच्या कडा, कोपरे आणि पोटावर खपल्या धरतात, खाज प्रचंड असते. कानाची कड बोटांनी चोळली की कुत्रं मागचा पाय हलवून खाजवायला लागतं. ही एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाते, घरातल्या माणसांनाही काही दिवस पुरळ आणि खाज येऊ शकते. त्यामुळे लेकरं अशा कुत्र्याजवळ झोपत असतील तर आधी ते थांबवा.

पिल्लाच्या डोळ्यांभोवती, तोंडावर केस गेले पण खाज फारशी नाही, असं असेल तर तो किड्यांचा आणखी एक प्रकार. तो माणसाला होत नाही. यातला फरक कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर पक्का कळतो.

हे अजिबात लावू नका

जळकं ऑईल, रॉकेल, डिझेल : कातडी भाजते. कुत्रं अंग चाटतं, त्यामुळे हे सगळं पोटात जातं, त्याचा वास आणि थेंब फुप्फुसात जातात.

गोठ्यातलं गोचिडाचं औषध : डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ असलेली ही औषधं पाण्यात ठरावीक प्रमाणातच मिसळायची असतात. जनावराच्या मापाने किंवा अंदाजाने बूच भरून कुत्र्यावर ओतलं तर थरथर, लाळ, झटके येतात, कुत्रं सुस्त पडतं. पिकावरचं कीटकनाशक तर कधीच नको. असं काही आधीच लावलं असेल तर हातमोजे किंवा प्लास्टिकच्या पिशव्या हाताला बांधून साध्या साबणाने, भरपूर पाण्याने कुत्रं धुवा आणि बाटली सोबत घेऊन दवाखाना गाठा.

फिनेल आणि माणसाच्या जखमेवरची जंतुनाशकं : उघड्या कातडीला चटके बसतात, चाटल्यावर विषबाधा होऊ शकते.

माणसाची खाजेची ट्यूब : मेडिकलमधून आणलेल्या अनेक ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉईड असतं. त्याने कातडी पातळ होते आणि किड्यांची लूत असेल तर ती आणखी पसरते.

औषधं कोणती, कशी काम करतात?

पिसवा-गोचिडांच्या गोळ्या : फ्लुरालेनर, अफॉक्सोलेनर या प्रकारच्या चघळायच्या गोळ्या कुत्र्यांसाठीच असतात. दुसरी साधारण महिनाभर, पहिली सुमारे बारा आठवडे काम करते. लुतीच्या किड्यांवरही त्या लागू पडतात. गोळी वजनाप्रमाणे असते. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

आयव्हरमेक्टिन : जनावराला दिलेल्या सुईतलं उरलेलं कुत्र्याला टोचायची सवय आहे. कुत्र्याचं माप फार कमी असतं. कॉलीसारख्या काही जातींच्या कुत्र्यांना ते मेंदूपर्यंत जाऊन जिवावर बेततं. हे डॉक्टरांच्याच हातून.

सेटिरिझिन : माणसांची ही गोळी पशुवैद्य कधी कधी कुत्र्याला देतात, पण कुत्र्यात तिचा गुण कमी येतो. 'सर्दीची' म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत पॅरासिटामॉल किंवा नाक मोकळं करणारं औषध मिसळलेलं असतं, ते कुत्र्याला घातक आहे. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही देऊ नका.

स्टेरॉईड : 'एका सुईत खाज बंद' होते ती बहुधा यानेच. थोडे दिवस, नेमक्या मापात दिलं तर उपयोगी. पण वारंवार दिलं की तहान, लघवी, भूक वाढते, रोगाशी लढायची ताकद घटते. गाभण कुत्रीला धोका असतो. बरेच दिवस चालू असलेली गोळी एकदम बंद करायची नसते, हळूहळू कमी करतात.

ओक्लासिटिनिब : अ‍ॅलर्जीच्या खाजेवरची नवी गोळी. लवकर आराम देते, पण महाग आहे आणि एक वर्षाखालच्या कुत्र्याला देत नाहीत.

घरगुती उपायांना अर्थ आहे का?

आहे, पण मर्यादा ओळखून. साध्या गार पाण्याने दहा मिनिटं अंघोळ घातली तर धूळ आणि परागकण निघून जातात, खाज शमते. कुत्र्याची कातडी माणसापेक्षा वेगळी असते, म्हणून शांपू कुत्र्याचाच वापरा. शेतातून आल्यावर पंजे धुऊन कोरडे करा.

कडुलिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्याने थोडा आराम पडतो, पण लूत त्याने बरी होत नाही. कडुलिंबाचं किंवा करंजाचं तेल तसंच चोपडू नका, चाटल्यावर उलट्या होतात. कोरड्या कातडीला खोबरेल तेलाचा हलका हात चालतो, पण पाणी सुटलेल्या जखमेवर तेल नको. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा चीक पोटात गेला तर जुलाब होतात. किडे मरतात म्हणून लसूण खाऊ घालतात, पण लसूण आणि कांदा दोन्ही कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फोडतात.

औषधाइतकीच जागेची सफाई महत्त्वाची. पिसवांची अंडी, अळ्या आणि कोश कुत्र्याच्या अंगापेक्षा त्याच्या बसायच्या जागेत जास्त असतात. बसायचं पोतं कडक पाण्यात धुऊन उन्हात टाका, नाहीतर जाळून नवं द्या. घरात, गोठ्यात असतील तेवढ्या सगळ्या कुत्र्या-मांजरांवर एकाच वेळी उपचार करा. मांजरासाठी औषध वेगळं मागा, कुत्र्याचं औषध मांजराचा जीव घेऊ शकतं.

खाण्यावर संशय असेल तर आठ आठवडे एकच ठरलेलं, पूर्वी न दिलेलं अन्न देऊन बघतात. गावभर फिरून मिळेल ते खाणाऱ्या कुत्र्यावर हे जमत नाही, त्याला तेवढे दिवस बांधून ठेवावं लागतं.

थांबू नका

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर तोंड सुजलं, उलट्या झाल्या, धाप लागली, कुत्रं कोसळलं, तर तासाभराचाही उशीर महागात पडतो. गोचिडं जास्त असताना ताप, हिरड्या पांढऱ्या पडणं, नाकातून रक्त येणं ही गोचीडतापाची लक्षणं असू शकतात, ती खाजेच्या औषधाने जात नाहीत.

जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्यावरही उपचार होतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा टोल फ्री क्रमांक आहे. जुनाट दुखण्यासाठी शिरवळ, परभणी, उदगीर आणि नागपूर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत तपासणीची सोय आहे. जाताना खाज कधी सुरू झाली, काय खायला देता आणि आतापर्यंत काय काय लावलं, हे खरंखरं सांगा. ऑईल किंवा औषध लावलं असेल तर तेही लपवू नका, पुढचं औषध त्यावरच ठरतं.