कणसांची परीक्षा आणि शेजाऱ्याची साक्ष

दोन शेतकरी एकत्र आले कीं बोलणें पिकापाण्यावर वळतें. हा अनुभव आपल्या गांवांतला, तसाच सातासमुद्रांपलीकडलाही आहे. अमेरिकेंतील आयोवा राज्य मक्याबद्दल प्रसिद्ध आहे. तेथें सुगींत धान्याच्या उंच कोठारांपुढें मालमोटारींची रांग लागते. भरलेली मोटार कांट्यावर चढते, मका ओतल्यावर रिकामी पुन्हां तोलली जाते; दोन वजनांतील अंतर हें धान्याचें वजन. जुन्या मोटारींना वर्षांतून थोडेच आठवडे राबावें लागतें, म्हणून त्या शेतावर पुष्कळ वर्षें टिकतात. अशा रांगेंत गप्पांचा आरंभ मोटारीच्या दुखण्यापासून झाला, तरी शेवट बहुधा ‘एकरीं किती उतरलें? बीं कोणाचें?’ या प्रश्नांनीं होतो. असल्या गप्पांनीं एका मोठ्या शोधाचें भवितव्य कसें ठरविलें, तें येथें सांगण्याचा आमचा विचार आहे.

पूर्वीं तेथील शेतकरी आपल्याच पिकांतून बीं राखीत. कणसांचीं प्रदर्शनें भरत आणि भरदार, सरळ ओळींच्या कणसांस बक्षिसें मिळत. हेन्री वॉलेस हा पुढें १९३३ सालीं देशाचा शेतकी मंत्री व १९४१ सालीं उपाध्यक्ष झाला. त्यानें १९०४ सालीं, शाळकरी वयांतच, अशा कणसांचे दाणे निरनिराळे पेरून उत्पन्न तोलून पाहिलें. देखणीं कणसें उत्पन्नांत सरस ठरलीं नाहींत! रूपावरून गुणाची परीक्षा होत नाहीं, हें त्यानें तराजूनें सिद्ध केलें.

आतां संकरित बियाण्याची कृति पाहूं. मक्याच्या शेंड्यावरील तुरा हें नरफूल. त्याचा पराग वाऱ्यानें कणसाच्या केसांवर पडला म्हणजे दाणा धरतो. कांहीं पिढ्या प्रत्येक झाडाचा पराग त्याच झाडाच्या कणसास दिला, तर वाण एकसारखा होतो, परंतु झाड खुरटतें. मात्र अशा दोन भिन्न वाणांचा संकर केला असतां संतति विलक्षण जोमदार निपजते. हें जॉर्ज शल यानें १९०८ सालीं दाखवून दिलें. बियाण्याच्या शेतांत ज्या ओळींवर बीं धरावयाचें, त्यांचे तुरे खुडून टाकतात, म्हणजे शेजारच्या ओळींचाच पराग त्यांस मिळतो. वॉलेसनें १९२६ सालीं असें बीं विकणारी कंपनी काढली.

परंतु शेतकऱ्यापुढें मोठा पेंच होता. संकरित पिकाचे दाणे पुन्हां पेरले तर जोम घटतो. म्हणून बीं दरसाल विकत घ्यावें लागतें. घरचें बीं सोडून परक्यावर विसंबावें काय? रायन व ग्रॉस या संशोधकांनीं आयोवांतील दोन वस्त्यांत २५९ शेतकऱ्यांस याविषयीं विचारलें व १९४३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्या बियाण्याची पहिली वार्ता पुष्कळांस विक्रेत्यांनीं दिली होती. मन वळविण्यांत मात्र शेजाऱ्याचा अनुभव अधिक उपयोगी पडला. पुष्कळांनीं आधीं थोड्याच जमिनींत तें पेरून पाहिलें. १९४१ पर्यंत दोघांखेरीज साऱ्यांनीं तें स्वीकारलें होतें. अमेरिकेंत एके काळीं मक्याचें सरासरी एकरी उत्पन्न २५ बुशेलांच्या आसपास असे. २०२३ सालीं तें १७७ वर गेलें. (मक्याचा एक बुशेल म्हणजे सुमारें २५ किलो.) अर्थात् यांत खतांचा व यंत्रांचाही वांटा आहे.

या वैभवाची दुसरी बाजूही आहे. तुरे खुडण्याची मजुरी वांचावी म्हणून ज्याच्या तुऱ्यांत पराग धरतच नाहीं, अशा एकाच जातीच्या मक्यापासून पुढें बहुतेक बीं तयार होऊं लागलें. १९७० सालीं पानांवर करपा पडला तेव्हां शेतामागून शेत एकाच रोगास बळी पडलें आणि देशाचें शेंकडा सुमारें १५ पीक बुडालें.

आपल्याकडेही १९६४ सालीं संकरित ज्वारीचा पहिला वाण आला आणि ‘हायब्रीड’ हा शब्द खेडोपाडीं रूढ झाला. म्हणून ही कथा परकी नव्हे.

विद्यार्थी मित्रहो, पेरणाऱ्याचा दृष्टांत आपण शाळेंत ऐकतों. त्यांत जमिनीची परीक्षा आहे. येथें बियाण्याची आहे. आयोवाच्या त्या शेतकऱ्यांनीं नवें तें केवळ नवें म्हणून घेतलें नाहीं, आणि जुनें तें केवळ जुनें म्हणून धरून ठेविलें नाहीं. त्यांनीं शेजाऱ्यास विचारलें, थोडें पेरलें, तोललें आणि मग ठरविलें. सुटींत घरीं गेल्यावर वडिलांस विचारा, ‘यंदा बीं कोणतें आणि कां?’ त्या उत्तरांत तुम्हांस पुस्तकाबाहेरचा एक चांगला धडा सांपडेल.