विमान येते, पण रोज येते का?

छोट्या शहराच्या विमानतळावरून नवा मार्ग सुरू होण्याची बातमी आली की गावात उत्साह संचारतो. पहिल्या फेरीचे स्वागत होते, केक कापला जातो, बोर्डिंग पाससह छायाचित्रे निघतात आणि लगेच पुढची मागणी पुढे येते: आता दिल्ली, आता अहमदाबाद, आता गोवा. विमानतळाची प्रगती मोजायची ती जोडलेल्या शहरांच्या संख्येवर, असा आपला समज झाला आहे. हा समज तपासून पाहायला हवा. प्रादेशिक विमानतळाचे प्रवासी वाढतात ते आहे तेच विमान रोज, सोयीच्या वेळी आणि वर्षानुवर्षे आल्यामुळे. नव्या मार्गांचा विचार त्यानंतरचा. कोल्हापूरचे उदाहरण यासाठी बोलके आहे, कारण या विमानतळाने उत्साह आणि उपेक्षा दोन्ही पुरेपूर अनुभवल्या आहेत.

उजळाईवाडीच्या या विमानतळाची मुळे संस्थानकाळात, छत्रपती राजाराम महाराजांच्या पुढाकारात आहेत. आजूबाजूचा परिसरही विमानाला गिऱ्हाईक नाही असा नाही. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री, कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी, पलीकडे सांगली-मिरज आणि वर अंबाबाई, जोतिबाचे भाविक. तरीही 2011 मध्ये किंगफिशरची सेवा बंद पडली, त्यानंतर नियमित प्रवासी विमान पुन्हा दिसायला 2018 चा एप्रिल उजाडावा लागला. ते विमानही जेमतेम 18-19 आसनांचे, एअर डेक्कनचे. तेही टिकले नाही. पुढे हैदराबाद, बेंगळुरू, तिरुपती असे मार्ग जोडले गेले, 2022 च्या ऑक्टोबरात स्टार एअरने मुंबई सेवा सुरू केली आणि 2024 च्या मार्चमध्ये नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले. 2011 ते 2018 या मधल्या सात वर्षांत फाउंड्री बंद नव्हत्या आणि देवळे ओस पडली नव्हती. प्रवासी होते, ते फक्त पुण्याला, बेळगावला किंवा गोव्याला जाऊन विमानात बसत होते, नाहीतर रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडत होते.

म्हणूनच छोट्या विमानतळाच्या प्रवासीसंख्येचे आकडे जरा सावधपणे वाचायला हवेत. मोठ्या विमानतळावर तो आकडा मागणी सांगतो. इथे तो बहुतेक वेळा पुरवठाच सांगतो. साधा हिशेब करू. 76 आसनांचे एम्ब्रेअर विमान रोज एकदा आले आणि गेले, तर दिवसाला 152 आसने होतात, वर्षाला 55,480. तेच विमान आठवड्यातून तीनच दिवस आले तर वर्षाची आसने 24 हजारांच्याही आत राहतात. सगळी भरली तरी त्यापलीकडे आकडा जाणार कसा? मग ‘प्रतिसाद नाही’ म्हणून फेऱ्या कमी होतात, फेऱ्या कमी झाल्या म्हणून प्रवासी आणखी घटतात. शिवाय तीन दिवसांच्या सेवेचा तोटा केवळ आसनांपुरता राहत नाही. सोमवारी जाऊन मंगळवारी परतायचे असेल आणि विमान बुधवारीच असेल, तर जाण्याचे तिकीटही काढले जात नाही. रोजचे विमान माणसाच्या बेतात बसते. एकदिवसाआडच्या विमानासाठी माणसाला आपला बेत बदलावा लागतो. असा बेत सहलीला निघालेले कुटुंब बदलेल, पण सुट्या भागांची ऑर्डर ठरवायला निघालेला कारखानदार बदलणार नाही.

केंद्राच्या उडान योजनेत नेमकी हीच गोष्ट निसटली. 27 एप्रिल 2017 रोजी शिमल्यातून या योजनेतले पहिले विमान उडाले, त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद मार्गही सुरू झाला. योजनेची रचना समजण्यासारखी आहे: ठरावीक आसने मर्यादित भाड्यात द्यायची, त्यातून होणारी तूट तीन वर्षे सरकारने भरायची, त्या काळात त्या मार्गावर दुसरी कंपनी येऊ द्यायची नाही. पण आठवड्याला किमान तीन फेऱ्या झाल्या तरी अर्थसाहाय्याची अट पूर्ण होत होती. परिणाम नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या 2023 च्या अहवालात दिसतो. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत 774 मार्ग वाटले गेले; त्यांतले 371 सुरू झाले; तीन वर्षे पूर्ण केली ती 112 मार्गांनी; आणि सवलत संपल्यावरही मार्च 2023 मध्ये चालू होते ते फक्त 54. म्हणजे वाटलेल्या शंभर मार्गांपैकी सात. महाराष्ट्राला याचा अनुभव घरचाच आहे. ट्रूजेट कंपनीची उड्डाणे 2022 मध्ये थांबली आणि नांदेडचे आकाश रिकामे झाले, ते 2024 च्या मार्चअखेर पुन्हा भरले. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळावर 2021 च्या ऑक्टोबरात सुरू झालेली मुंबई सेवा तीन वर्षांची मुदत सरताच बंद पडली. त्याआधीच, 2023 च्या आरंभी, शेजारी गोव्यातल्या मोपाचा भलामोठा विमानतळ सुरू झाला होता.

मग अडते कुठे? पहिला अडसर मुंबईचा आहे. एकमेकींना छेदणाऱ्या दोन धावपट्ट्या असल्या तरी मुंबई विमानतळ एका वेळी एकच वापरू शकतो. तिथे उतरण्या-निघण्याच्या ठरावीक वेळा, म्हणजे स्लॉट, सोन्याच्या भावाचे. सकाळी सातचा स्लॉट 180 आसनांच्या एअरबसला द्यायचा की 76 आसनांच्या विमानाला, याचे उत्तर बाजार एकाच दिशेने देतो. म्हणून जिल्ह्याच्या वाट्याला दुपारची अडनिडी वेळ येते, आणि सकाळी जाऊन काम उरकून संध्याकाळी परतण्याचा विमानाचा मुख्य फायदाच संपतो. नवी मुंबई विमानतळाचे महत्त्व कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सोलापूर यांना वाटते त्याहून जास्त आहे. मात्र त्याच्या सुरुवातीच्या स्लॉटमध्येच राज्यांतर्गत सेवांसाठी सकाळची आणि संध्याकाळची एकेक वेळ राखून ठेवली तरच. एकदा मोठ्या शहरांच्या फेऱ्यांनी वेळापत्रक भरले की तिथेही शिरकाव अवघड होईल.

नव्या मार्गांनाही कसोटी हवी. जमिनीवरून जायला किती वेळ लागतो, ही त्यातली पहिली. कोल्हापूरहून नागपूरला महाराष्ट्र एक्सप्रेसने जायचे तर चोवीस तासांहून अधिक जातात. एकाच राज्यातली दोन टोके, पण गाठायला एक अख्खा दिवस. 2025 च्या मे महिन्यात सुरू झालेली कोल्हापूर-नागपूर सेवा या कसोटीवर पहिल्या क्रमांकाने उतरते. दुसरी कसोटी पुढच्या जोडणीची. हैदराबाद किंवा बेंगळुरूला जाणारे विमान तिथल्याच प्रवाशांपुरते नसते. तिथून दिल्ली, कोलकाता, आखाती देश, सिंगापूर अशा अनेक वाटा फुटतात. एक विश्वासार्ह हैदराबाद फेरी ही प्रत्यक्षात दहा-पंधरा शहरांची फेरी ठरते. तिसरी कसोटी दोन्ही बाजूंच्या गर्दीची. तिरुपतीचा मार्ग तिथे बसतो, कारण बालाजीनंतर अंबाबाईचे दर्शन घेतल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, ही श्रद्धा दक्षिणेतल्या भाविकांना इकडे आणते. 2025 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, त्याने हाच प्रश्न नव्याने मांडला आहे: सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईवारी त्याने कमी होईल, पण मुंबईतले वकील आता इकडे येतील. कोणत्या दिशेचा प्रवास वाढतो हे मोजूनच फेरीची वेळ ठरवावी लागेल.

यावर पहिला आक्षेप व्यवहाराचा असेल: मागणीच तोकडी, तर रोजचे विमान भरणार कसे? उत्तर विमानाच्या आकारात आहे. 180 आसनांचे विमान आठवड्यातून तीनदा आणण्यापेक्षा 70-78 आसनांचे एटीआर किंवा एम्ब्रेअर रोज आणणे जिल्ह्याच्या हिताचे. आठवड्याची आसने जवळपास तेवढीच राहतात, निवड मात्र दुपटीहून वाढते. दुसरा आक्षेप धावपट्टीचा: ती आधी लांब करा, मोठी विमाने येतील, मग सगळे आपोआप होईल. कोल्हापूरची धावपट्टी 1930 मीटरची आहे, ती 2300 मीटरपर्यंत नेण्याची योजना आहे आणि दिल्लीसारख्या लांबच्या थेट सेवेसाठी ते आवश्यकही आहे. पण शिर्डीची धावपट्टी 2500 मीटरची असूनही तिथे रात्रीच्या विमानांसाठी 2025 पर्यंत थांबावे लागले. लांबीइतकीच दिव्यांची, यंत्रणांची आणि वेळेची सोय लागते. सोलापूरला तर धावपट्टी तयार असून वाटेत साखर कारखान्याची चिमणी उभी होती. ती 2023 मध्ये पाडली, तरी नियमित विमान उडायला जून 2025 उजाडला.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो टाळून चालणार नाही. एसटीच्या गाड्या मोडकळीला आलेल्या असताना विमानाच्या तिकिटाला सरकारी पैसा का? उडानचा बराचसा निधी मोठ्या शहरांच्या फेऱ्यांवरील आकारणीतून येतो, हे खरे असले तरी राज्यालाही वाटा उचलावा लागतो आणि करसवलतीही द्याव्या लागतात. म्हणून हा पैसा कुठेही उधळण्याचा नाही. चांगली रेल्वे किंवा महामार्ग सहा-सात तासांत जिथे पोहोचवतो, तिथे विमानाला साहाय्य देणे चूकच. सोलापूर-मुंबईदरम्यान वंदे भारत साडेसहा तासांत धावते. तिथे विमानाने स्वतःच्या बळावर उभे राहावे. साहाय्य राखावे ते नागपूरसारख्या अंतरासाठी, आणि तेही फेरी सुरू केल्याबद्दल न देता महिनाभर वेळेवर आणि रद्द न होता चालवल्याबद्दल द्यावे.

2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात दहा वर्षांत 120 नवी ठिकाणे जोडण्याचा संकल्प आहे. ठिकाणे वाढवणे त्यात सोपे काम. कठीण आहे ते जोडलेले तुटू न देणे. तेव्हा पुढच्या वेळी खासदार-आमदार नव्या मार्गाची घोषणा करतील, तेव्हा टाळ्यांआधी तीन प्रश्न विचारावेत: आठवड्यातून किती दिवस, सकाळी किती वाजता, आणि सवलत संपल्यावर चौथ्या वर्षी काय? या तिन्हींची उत्तरे लेखी मिळाली, तर दिल्लीच्या मार्गाची मागणी कोल्हापूरला करावी लागणार नाही. भरलेली विमाने पाहून ती विमान कंपनीच करील.