घराआधी खड्डा

अम्मीला आता जिना चढवत नाही. म्हणून मनवेलपाड्यातल्या आमच्या घरामागे, शेवग्याच्या पलीकडे, तिच्यासाठी दोन खोल्या बांधायचं ठरलं. मुकादम आले, पावलांनी जागा मोजली आणि म्हणाले, "तीन फूट खोदू, दगड भरू, वर जोतं. एवढ्याशा घराला कसली आलीय मातीची तपासणी?" मलाही ते पटलं. कवितेत 'माती' हा शब्द मी पुष्कळ वापरला आहे. तिच्यात कोपरापर्यंत हात घालायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

ती आणली कब्रस्तानात कबरी खोदणाऱ्या चाचांनी. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिथं आधी काय होतं?" भाताचं खाचर होतं. नंतर डंपरनं भराव पडला. "मग उन्हाळ्यात काय बघणार? तेव्हा सगळीच जमीन दगड. ऑगस्टात खोदा. बाजू उभ्या राहतात का बघा."

ऑगस्टात दोन कोपऱ्यांत पाच-पाच फुटांचे खड्डे घेतले. (अशा खड्ड्यात ओल्या दिवसांत एकट्यानं उतरू नये, बाजू सांगून कोसळत नाहीत.) एका कोपऱ्यात दोन फूट भराव निघाला: विटांचे तुकडे, प्लास्टिक, कुणाची तरी चप्पल. दुसऱ्या कोपऱ्यात तोच चार फूट. खाली काळपट, चिकट माती. सकाळी पाहिलं तर दोन्ही खड्ड्यांत गुडघाभर पाणी साचलेलं.

ही माती घरीच ओळखता येते. ओली करून तळहातावर वळायची. उदबत्तीच्या काडीसारखी बारीक वळली आणि तुटली नाही, तर चिकणमाती भरपूर आहे. दुसरा उपाय बरणीचा. एक तृतीयांश माती, बाकी पाणी, चिमूटभर धुण्याची पावडर. खूप हलवून ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, गाळ काही तासांत. चिकणमाती दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळ ठेवते. आमची बरणी तिसऱ्या दिवशीही चहासारखी होती.

चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. घर तिच्याबरोबर वर-खाली होतं. मग दार चौकटीत अडकतं आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते. आपण गवंड्याला बोल लावतो. भरावाचं दुखणं वेगळं. तो वर्षानुवर्षं दबत राहतो, आणि सगळीकडे सारखा दबत नाही. सारखं खचलेलं घर एकवेळ सावरतं. एक कोपरा दोन फूट भरावावर आणि दुसरा चार फूट भरावावर, अशा घराला चिरा पडणारच. पिसाच्या मनोऱ्याचं हेच झालं. ११७३ साली काम सुरू झालं आणि तिसऱ्या मजल्याच्या सुमारास तो कलू लागला. मग सुमारे शंभर वर्षं काम थांबलं, तेवढ्यात खालची मऊ माती दबून घट्ट झाली, म्हणून तो उभा राहिला असं अभ्यासक मानतात. आमच्याकडे शंभर वर्षं नाहीत. अम्मी ऐंशीच्या पुढे आहे.

शेवटी इंजिनिअरला बोलावलं. मोठ्या इमारतीसाठी ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून पाडून, नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते मोजतात. दोन खोल्यांना खड्डे पुरले. ते स्वतः खड्ड्यात उतरले, बाजूत अंगठा दाबून पाहिला आणि म्हणाले, भराव सगळा काढा. पाया खालच्या मूळ मातीत न्या, कॉलम एकमेकांना प्लिंथ बीमनं बांधा. माती याहून फुगरी असती, तर खाली फुगा असलेले आखूड खांब घ्यावे लागले असते. ती पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं रुळवली. जोत्याची उंची ठरवायला त्यांनी २०१८च्या जुलैतल्या पुराची आठवण काढायला लावली. त्या पाण्याची रेघ आमच्या मागच्या भिंतीवर अजून आहे. जोतं तिच्या वर दीड फूट.

खर्च वाढला, हे खरं. मुकादम थोडे नाराज झाले. महापालिकेच्या परवानगीचे कागद दिले आहेत. ती हातात आल्याशिवाय कुदळ मारायची नाही. पाऊस थांबल्यावर खड्डे बुजवले, पण माती नुसती ढकलून नाही. वीतभर थर टाकायचा, धुम्मसनं ठोकायचा, मग पुढचा थर. चाचा बाजूला उभे राहून प्रत्येक थरावर पाय दाबून बघत होते.