मणका सरकत नाही, मग ‘बसवतात’ ते काय?

जालन्यात मस्तगडच्या जुन्या गल्ल्यांत असो की मोंढ्यात, कंबर धरलेल्या माणसाला सल्ल्यांची वाण पडत नाही. एक म्हणतो उसण भरलीय, पायाळू माणसाकडून पाठीवर लाथ मारून घे. दुसरा हाडवैद्याचं गाव सांगतो. तिसऱ्याच्या मते ‘गादी सरकलीय’, आणि एमआरआय झालेला असला तर ‘मणक्यात गॅप आलाय’ हे घरातलं लहान पोरसुद्धा सांगतं. अलीकडे या सल्लागारांत मोबाइलची भर पडली आहे. पडद्यावर एक दणकट माणूस रुग्णाची मान दोन्ही हातांत धरतो, झटका देतो, माइकमध्ये ‘कट्ट’ आवाज येतो आणि रुग्ण हसत उठून बसतो. खाली नाव असतं कायरोप्रॅक्टिक. लाथ, हाडवैद्य आणि कायरोप्रॅक्टर ही तीन वेगवेगळ्या जगांतली माणसं, पण लोकांचा त्यांच्यावरचा विश्वास एकाच गृहीतकावर उभा आहे: पाठीतलं काहीतरी जागचं हललंय आणि जाणता हात ते परत जागेवर बसवतो. कायरोप्रॅक्टिकविषयीचे बहुतेक गैरसमज, त्याच्या बाजूचे आणि विरोधातलेही, या एका कल्पनेतून निघतात. ती बाजूला ठेवली की उपचारातला थोडका पण खरा फायदा दिसतो आणि खरा धोकाही दिसतो.

पहिला समज असा की कायरोप्रॅक्टिक ही भारतीय किंवा चिनी पद्धतीसारखी हजारो वर्षांची प्राचीन विद्या आहे. तिची जन्मतारीखच नोंदलेली आहे. १८ सप्टेंबर १८९५ रोजी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात डॅव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर या गृहस्थाने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीतला ‘हललेला’ मणका दाबून बसवला आणि त्याचा बहिरेपणा गेला, अशी ही कथा. पामर तोवर अंगावर हात फिरवून ‘चुंबकीय’ उपचार करत असे. या एका घटनेवरून त्याने सिद्धांत मांडला की शंभरातले पंचाण्णव आजार मणके जागचे हलल्यामुळे होतात, कारण हललेला मणका नस दाबतो आणि शरीरातली जीवनशक्ती अडवतो. १८९७ मध्ये त्याने शाळा काढली आणि १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल तो तुरुंगातही जाऊन आला. आता मूळ कथेकडेच जरा बारकाईने पाहावं. ऐकण्याची नस कानातून निघून कवटीच्या आतूनच मेंदूला मिळते, ती पाठीच्या किंवा मानेच्या मणक्यातून जातच नाही. म्हणजे पाठीतला मणका बसवून बहिरेपणा जाण्याचा जो मार्ग पामरने सांगितला, तो शरीरात अस्तित्वातच नाही. आजचे अनेक कायरोप्रॅक्टर हा सिद्धांत मानत नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. पण काहीजण अजूनही त्याच्याच आधारावर दम्यापासून तान्ह्या बाळाच्या पोटशुळापर्यंत सगळ्यांवर मणके दाबायला तयार असतात. लेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्रात अशा दाव्यांना पुरावा नाही असं लिहिलं, तेव्हा तिथल्या कायरोप्रॅक्टिक संघटनेने त्यांच्यावर अब्रूनुकसानीचा दावा ठोकला. एप्रिल २०१० मध्ये संघटनेला तो मागे घ्यावा लागला.

मग मणका सरकतो की नाही? पाठीचा कणा म्हणजे धक्का लागला की ढासळणारी मडक्यांची उतरंड, असं चित्र आपल्या डोक्यात असतं. प्रत्यक्षात दोन मणक्यांमध्ये चिवट गादी असते, तिचे तंतू वरच्या आणि खालच्या हाडात रुतलेले असतात, मागे सांध्यांची जोडी असते आणि पुढून-मागून अस्थिबंध व स्नायूंचे थर आवळून बसलेले असतात. वाकताना, शिंकताना किंवा पोतं उचलताना हे हाड टुणकन बाजूला निघत नाही. गादी ‘सरकते’ म्हणतात तेव्हाही गादी जागेवरच असते, तिची कड फुगते किंवा कडेतून आतला मऊ भाग बाहेर येतो. तो नसेला टेकला तर पायात कळ जाते, हे खरं. पण बोटाने किंवा लाथेने तो आत ढकलता येत नाही. बऱ्याच रुग्णांत तो भाग काही महिन्यांत शरीर स्वतःच शोषून घेतं. इथे जाणकार वाचक हटकेल की एका मणक्यावरून दुसरा पुढे सरकल्याचं एक्स-रेत स्पष्ट दिसतं, त्याचं काय? तो आजार खरा आहे. मात्र तो बहुधा हाडातल्या जुन्या भेगेमुळे किंवा वयोमानाच्या झिजेमुळे हळूहळू होतो, आणि कुणाच्याही हाताने मागे जात नाही. उलट अशा पाठीला जोराचा झटका देऊच नये.

एमआरआयच्या कागदाने या समजाला अधिकच बळ दिलं आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठदुखी अजिबात नसलेल्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र केल्या होत्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांत गादीची झीज दिसली, तर ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांत. फुगलेली गादी विशीत ३० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. यातल्या एकाचीही कंबर दुखत नव्हती. पिकलेल्या केसांइतकीच ही चिन्हं वयाची असतात. त्यामुळे ‘रिपोर्टमध्ये आलंय’ म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं होत नाही. आणि रिपोर्टमधला ‘गॅप’ भरून देतो म्हणणारा माणूस कायरोप्रॅक्टर असो की आणखी कुणी, न झालेल्या बिघाडाची दुरुस्ती विकत असतो.

आवाजाचंही तसंच. ‘कट्ट’ वाजलं म्हणजे हाड बसलं, हा समज व्हिडिओवाल्यांचं अर्धं काम करून टाकतो. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा एकदम ताणला की आतला दाब घटतो, पोकळी तयार होते आणि आवाज येतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोट मोडतानाचं एमआरआय चित्रण करून ही पोकळी निर्माण होताना दाखवली. म्हणजे आपण बोटं मोडतो तेव्हा जे घडतं तेच मानेत घडतं, आणि बोटं मोडल्यावर बोट ‘जागेवर आलं’ असं कुणी म्हणत नाही. (बोटं मोडल्याने संधिवात होतो ही आईची धमकीही खरी नाही. डोनाल्ड उंगर या अमेरिकी डॉक्टरने साठेक वर्षं एकाच हाताची बोटं मोडून ते तपासलं, दोन्ही हात सारखेच निघाले आणि २००९ मध्ये त्याला गमतीचा इग्नोबेल पुरस्कार मिळाला.)

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग हा सगळा बनाव आहे. हा दुसऱ्या टोकाचा गैरसमज. सिद्धांत चुकीचा असला तरी हाताने दिलेल्या उपचाराचा काहीच उपयोग नाही, असं त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी चाचण्या बघाव्या लागतात, आणि त्या झाल्या आहेत. २०१९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलने जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा, ९,२११ रुग्णांचा आढावा छापला. निष्कर्ष असा की मणक्यांवर हाताने केलेले उपचार व्यायामासारख्या शिफारस केलेल्या इतर उपचारांइतकाच गुण देतात. ताज्या कंबरदुखीवरच्या २०१७ च्या आढाव्यात सहा आठवड्यांपर्यंत वेदना शंभरात सरासरी दहा गुणांनी कमी झालेली दिसली. फायदा आहे, चमत्कार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शिका काढली, तिच्यात व्यायाम आणि रुग्णशिक्षणाबरोबर या उपचाराला पर्याय म्हणून जागा आहे. त्याच मार्गदर्शिकेने कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन नेहमीच्या उपचारात वापरू नये असं सांगितलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं पट्टा बांधून फिरणाऱ्यांनी आणि तो बांधायला सांगणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं. डॉक्टर मंडळी धंद्यापायी कायरोप्रॅक्टिकला विरोध करतात, या आक्षेपातही एके काळी तथ्य होतं. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर संघटित बहिष्कार टाकला होता आणि १९८७ मध्ये न्यायालयाने तो बेकायदा ठरवला. पण न्यायालयाने बहिष्कार चुकीचा ठरवला, पामरचा सिद्धांत बरोबर ठरवला नाही.

सगळ्यात चिवट आक्षेप अनुभवाचा: ‘मला गुण आला ना, मग तुमच्या चाचण्या काय करायच्या?’ तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ताज्या कंबरदुखीचे बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत, बहुधा सहाच्या आत, बरेचसे मोकळे होतात, मग उपचार कोणताही असो. शिवाय माणूस उपचाराला जातो तो दुखणं अगदी टोकाला गेल्यावर, म्हणजे ते उतरणीला लागण्याच्या बेतात असतानाच. त्यात जाणत्या हाताचा स्पर्श, सैलावलेले स्नायू आणि ‘आता बसलं’ हा दिलासा, या सगळ्यांनी वेदना खरोखर कमी होते. पायाळू माणसाची लाथ, हाडवैद्याचं तेल आणि वातानुकूलित दवाखान्यातला झटका यांचं यश इथे एका ओळीत येऊन बसतं. गुण आला हे खरंच. तो मणका बसल्यामुळे आला, हे त्यावरून ठरत नाही. आणि हा फरक नुसता तात्त्विक नाही, कारण ‘मणका पुन्हा सरकू नये’ म्हणून ठणठणीत माणसाने दरमहा येऊन बसवून घ्यायचं पॅकेज याच समजुतीवर विकलं जातं.

धोक्याबद्दल बोलताना कंबर आणि मान यांची गल्लत करू नये. कमरेवरच्या उपचारानंतर एक-दोन दिवस अंग ठणकतं, गंभीर इजा फार क्वचित होते. मानेची गोष्ट वेगळी. मेंदूला रक्त नेणाऱ्या रोहिण्या मानेतून जातात, त्यांतली एक जोडी तर मणक्यांच्या भोकांतूनच. मान झटक्याने पिळली तर रोहिणीचं अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो. हे दुर्मीळ आहे आणि दरवेळी दोष झटक्याचाच असतो असंही नाही, कारण रोहिणी आधीच फाटल्याने मान दुखू लागलेला माणूसही उपचाराला येतो. पण अशा माणसाची मान तर मुळीच पिळू नये. आपल्याकडे हा धोका कायरोप्रॅक्टरपेक्षा केशकर्तनालयात जास्त भेटतो. कटिंग झाली की चंपी आणि चंपीनंतर फुकटात मान मोडून देणं. २०२४ मध्ये कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या एका तरुणाला असं करून घेतल्यावर मानेतली रोहिणी फाटून पक्षाघात झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. ‘मान नको’ एवढं सांगितलं तरी हा धोका टळतो. दुसरा धोका खास आपल्या देशाचा: मणक्याचा क्षयरोग. त्यात हाड आतून पोखरलेलं असतं आणि सुरुवातीला कंबर किंवा पाठ साधी दुखल्यासारखीच दुखते. अशा पाठीवर दाब किंवा लाथ पडली तर पाय कायमचे जाऊ शकतात.

राहिला प्रश्न हे कोण करतं याचा. अमेरिकेत कायरोप्रॅक्टरला विद्यापीठाची पदवी आणि राज्याचा परवाना लागतो. भारतात कायरोप्रॅक्टिकसाठी स्वतंत्र वैधानिक परिषद नाही, त्यामुळे पाटीवर तो शब्द पाहून शिक्षणाचा अंदाज येत नाही. हाताने सांधे मोकळे करण्याचं तंत्र फिजिओथेरपिस्टही शिकतात, आणि महाराष्ट्रात त्यांच्यासाठी २००२ च्या कायद्याने परिषद आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटायचं कारण नाही. जालन्याच्या पाठींबद्दल मात्र आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सळईच्या कारखान्यात, मोंढ्यात, मोसंबीच्या क्रेटखाली आणि कापसाच्या शेतात दिवसभर वाकणाऱ्या कमरेला आठवड्याचा एक झटका पुरणार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो धरली होती. शंभर किलोचं पोतं हा त्या मानाने जवळजवळ दुप्पट भार, आणि पोत्याचं वजन कमी करा ही हमालांची जुनी मागणी कुठल्याही मालिशपेक्षा जास्त वैद्यकीय आहे.

कंबर नुसती धरली असेल तर अंथरुणाला खिळून राहू नका, झेपेल तेवढं हिंडतंफिरतं राहा, आणि नोंदणीकृत माणसाकडून हाताने उपचार घ्यावेसे वाटले तर व्यायामासोबत घ्या. पण कंबरदुखीबरोबर लघवी अडकली किंवा नकळत होऊ लागली, बैठकीची जागा बधिर झाली, पाय लुळा पडू लागला, तर सकाळची वाट पाहू नका, जिल्हा रुग्णालय किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय गाठा. संध्याकाळचा ताप, घटतं वजन किंवा रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल तर पाठीला कुणाचाही हात, आणि पायही, लागू देण्याआधी डॉक्टरकडून तपासून घ्या.